प्रिंटर बोलेना

सोमवारी सकाळी प्रिंटर बोलेना. दिवा निळाच राहिला. घरघर नाही, 'सुप्रभात, विलासराव' नाही, काही म्हणजे काही नाही. आमचे हे खुर्चीत नळी हातात धरून माझ्याकडे बघत बसले होते. यंत्र मीच बनवलंय असं वाटावं, असं ते बघणं.

"पुन्हा फुंका," मी म्हणाले.

त्यांनी फुंकलं.

"अहो, चूल पेटवायची असल्यासारखं जोरात फुंका!"

जोरात फुंकलं. यंत्र ढिम्म.

मी शैलजा कणसे, मुक्काम कराड. निवृत्त होईपर्यंत मी स्टँडवर गाड्या पुकारायचं काम केलं. आता गाड्या विजेच्या झाल्या आणि त्या स्वतःच स्वतःला पुकारतात. माझ्या काळात फलाटावर डिझेलचा धूर असायचा आणि खिडकीत माइक घेऊन मी असायची. बोलणं हाच पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे गप्प बसायची सवय मला लागलीच नाही. आमचे हे बरोबर उलटे. भूमापन कार्यालयात नकाशे काढायचे. दिवसभर मान खाली घालून रेघा मारायच्या आणि घरी येऊन मान खाली घालून जेवायचं. संसार छान झाला. ते गप्प बसायचे, मी दोघांचं बोलायचे. डॉक्टरांनी यांना विचारावं, "झोप लागते का?" की मी सांगणार, "लागते हो, पण पहाटे जाग येते आणि मग कुशी बदलत राहतात." डॉक्टर यांच्याकडे बघायचे, हे मान हलवायचे. सगळ्यांचाच वेळ वाचायचा.

आता हा प्रिंटर काय ते सांगते, नाहीतर तुम्ही कागदाचा समजाल. कागदाचा आमच्याकडे होता पूर्वी, तोही असाच ऐन वेळी रुसायचा. हा गोळ्यांचा. यांच्या हृदयाचे ठोके मधेच चुकायला लागले, त्यात साखर होती, त्यात रक्तदाब. वेगवेगळ्या गोळ्या आणि त्यांच्या वेगवेगळ्या वेळा, सगळा घोळ. मग डॉक्टरांनी हे यंत्र घरी बसवायला सांगितलं. दिसायला मिक्सरएवढं. आत पाच कार्ट्रिजं, प्रत्येकात एकेका औषधाची घट्ट खळ. एक बारीक सुई त्या खळीचे थरावर थर घालते आणि दिवसभराची एकच गोळी तयार करते. वरचा थर पोटात गेल्यागेल्या विरघळतो, आतला दुपारी, गाभा रात्री. सकाळी एकदा घेतली की दिवसाची काळजी मिटली.

पण त्याची खरी करामत नळीत. माणसाच्या श्वासातून नुसती हवा बाहेर येत नाही. रक्तात जे फिरत असतं, त्यातलं थोडं थोडं वायू होऊन फुप्फुसात उतरतं आणि श्वासाबरोबर बाहेर पडतं. साखर फार चढली की तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो, मूत्रपिंडं थकली की अमोनियाचा येतो. आपल्या नाकाला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. यंत्राचं नाक कोट्यवधी कणांतला एक कण ओळखतं. रोज सकाळी नळीत फुंकायचं, यंत्र श्वास वाचतं, आज शरीरात काय कमी, काय जास्त ते बघतं, आणि त्या मापाची गोळी छापतं. कालची आज नाही, आजची उद्या नाही. हे बसवल्यापासून यांचा चेहरा सुधारला होता, जिना चढून यायला लागले होते. म्हणून ते बोलेना म्हटल्यावर मी घाबरले.

डॉक्टरांनी अडीअडचणीसाठी तयार गोळ्यांची एक पट्टी देऊन ठेवली होती. त्यातली एक यांना दिली. पण ती सरसकट मापाची. घेतल्यावर यांना गरगरायला लागलं आणि दुपारपर्यंत भिंतीला धरून चालत होते. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "तीन-चार दिवस चालवून घ्या, त्यापुढे नको. यंत्र दुरुस्त करून घ्या."

करून घ्या म्हणे! म्हटलं, ठीक आहे. बटण बंद केलं, चालू केलं. भिंतीतून वायर उपसली, पुन्हा खोचली. इंटरनेटचा डबा बंद करून चालू केला. कार्ट्रिजं काढून हलवून बसवली. सुई कापसाने पुसली. नळी गरम पाण्यातून काढली. आमची ऋतुजा नागपूरला असते, तिला व्हिडिओवर घेतलं. ती म्हणाली, "आई, बंद करून चालू केलंस का?"

"अगं, गरगर फिरवून दृष्टसुद्धा काढली. पुढचं बोल."

तिने तिथून यंत्राच्या पोटात डोकावून बघितलं. आता मुलांना तसं करता येतं. म्हणाली, "सगळं हिरवं दाखवतंय गं. बिघाड काहीच नाही."

मदतकेंद्राला फोन लावला तर तिथेही यंत्रच बोललं. "आपल्या उपकरणात कोणताही दोष आढळला नाही. आपला दिवस शुभ जावो." डोंबलाचा शुभ जावो! इथे माणूस भिंत धरून चालतंय.

मंगळवारी सकाळी तीच गत. यांना खुर्चीत बसवलं, फुंकलं, निळा दिवा, पुढे काही नाही. शेजारच्या बागवानभाऊजींना हाक मारली. त्यांची फळांची वखार होती, आता ती मुलगा बघतो आणि भाऊजी आमच्याकडे चहाला येतात. भाऊजींनी प्रिंटर चारही बाजूंनी टकटक करून बघितला, कलिंगड बघतात तसा.

"वहिनी, पिकलंय," म्हणाले.

"भाऊजी, चेष्टा सुचते का तुम्हाला?"

"एक ठेवून देऊ का? आमच्या वखारीतला काटा असाच अडायचा. एक थाप मारली की सरळ."

"हात लावाल तर बघा."

मग आम्ही तिघं त्याच्यासमोर बसून राहिलो. यांनी फुंकलं, भाऊजींनी 'चल रे बाबा' म्हटलं, मी दोन शिव्या घातल्या. दगडाला पाझर फुटेल पण ह्याला फुटेना. शेवटी भाऊजी घरी गेले आणि मी खाली भाजीवाल्याची गाडी आली म्हणून पिशवी घेऊन उतरले. मेथी घेतली, घासाघीस केली, वर आले. तर आमचे हे पाण्याचा पेला खाली ठेवत होते.

"घेतली," म्हणाले.

"काय घेतली?"

"गोळी. चाललं ते."

"कसं चाललं?"

"फुंकलं. चाललं."

मी आनंदाने वेडी व्हायची तेवढी राहिले होते. देवाला साखर ठेवली, ऋतुजाला कळवलं, भाऊजींना गॅलरीतून ओरडून सांगितलं. बुधवारी सकाळी दोघं पुन्हा यंत्रापाशी बसलो आणि पुन्हा निळा दिवा! मी कपाळावर हात मारला. कपडे वाळत घालायचे होते ते घेऊन गच्चीवर गेले, चिमटे लावले, खाली आले. यांची गोळी घेऊन झाली होती.

आता मी काही बावळट नाही. दोनदा झालं म्हणजे त्यात काहीतरी आहे. मी असले की बोलत नाही आणि गेले की बोलतं. मेल्याने माझ्यावरच डूख धरलाय!

मदतकेंद्राला पुन्हा फोन लावला आणि या वेळी हट्टच धरला, की मला हाडामांसाचं माणूस द्या. बऱ्याच वेळाने एक मुलगी आली फोनवर. आवाज गोड, अगदी सांभाळून बोलणारा. मी सगळं सांगितलं.

"मॅडम, यंत्र बिघडलेलं नाही. त्याच्याकडे एका व्यक्तीसाठी खासगी निरोप आहे. ती व्यक्ती एकटी असल्याची खात्री पटेपर्यंत ते इतरांसमोर काहीच करणार नाही. तुम्हाला पहिल्या कानाचा नियम माहीत असेल."

माहीत होता. पेपरात आला होता, टीव्हीवर चार माणसं त्याच्यावर भांडली होती. घरोघरी अशी यंत्रं आली आणि ती रोज श्वास वाचायला लागली. मग कधी कधी त्यांना असं काही सापडायचं की जे डॉक्टरांनाही अजून ठाऊक नसायचं. सांगायचं कुणाला? आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. रिपोर्ट आला की आधी थोरला मुलगा डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातो, दार लावतो आणि म्हणतो, 'त्यांना काही सांगू नका.' ज्याला आजार, त्यालाच शेवटी कळतं, नाहीतर कळतच नाही. म्हणून सरकारने नियम केला की नवीन काही सापडलं तर पहिला कान ज्याचं शरीर त्याचा. खोलीत दुसरं कुणी असेल तर यंत्राने तोंड उघडायचं नाही. निरोप आहे एवढंसुद्धा दुसऱ्याला कळू द्यायचं नाही.

"निरोप कुणासाठी आहे?" मी विचारलं.

"ते मला इथे दिसत नाही. आणि दिसलं असतं तरी सांगता आलं नसतं. हेसुद्धा मी जरा जास्तच बोलले, मॅडम."

कुणासाठी म्हणजे? यंत्र यांच्या नावावर, गोळी यांची, श्वास यांचा. मी फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. हॉलमध्ये हे खुर्चीत बसून पेपरातलं कोडं सोडवत होते. पेन्सिल कानावर. माझ्या मनात आलं, ह्या माणसाला काहीतरी झालंय. ते ह्याला कळलंय आणि हा कोडं सोडवतोय!

"काय म्हणालं ते?" मी विचारलं.

"कोण?"

"प्रिंटर."

"सुप्रभात म्हणाला."

"आणि?"

"गोळी तयार आहे म्हणाला."

"आणि?"

"आणि काय म्हणेल, शैला? प्रिंटर आहे तो."

दुसरी कुणी असती तर तिथे थांबली असती. मी थांबले नाही. ऋतुजाला फोन करून सांगितलं, की तुझ्या बाबांना काहीतरी मोठं झालंय आणि ते लपवताहेत. ती घाबरली. पण आमची लेक सरळ आहे. म्हणाली, "आई, त्यांना सांगायचं तेव्हा सांगतील. नियम त्याचसाठी आहे. तू मागे लागू नकोस."

"मागे लागू नको? आजवर यांच्या पोटात काय दुखतंय ते मी सांगत आले!"

"तेच तर," ती म्हणाली. मला तिचा असा राग आला की मी फोन ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी मी बेत केला. "मी दूध आणायला जाते," असं मोठ्याने म्हणाले, दार उघडलं, आपटलं, आणि चपला हातात घेऊन परत फिरून हॉलच्या पडद्यामागे उभी राहिले. या वयात! पदर आवळून धरला, श्वास रोखला. यांनी नळीत फुंकल्याचा आवाज आला. मी वाट बघतेय. काही नाही. आणखी थोडा वेळ. छाती फुटायला लागली. शेवटी भसकन श्वास सोडला आणि खोकल्याची उबळ आली.

"शैला," हे म्हणाले, "त्या यंत्राला खोलीतली हवा किती माणसं ओढतात ते कळतं. मला तर पडद्याखाली तुझे पायच दिसतायत."

मी बाहेर आले. चपला हातात. आणि मग माझा बांध फुटला.

"हसताय काय? मी रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नाही. काय आहे ते सांगून मोकळे व्हा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

"मी काही लपवत नाही."

"खोटं बोलू नका! त्या मुलीने मला फोनवर सांगितलंय. यंत्राने तुम्हाला काहीतरी सांगितलंय."

"मला काहीही सांगितलेलं नाही, देवाशपथ."

"देवाला मधे घेऊ नका. तुमच्या अण्णांना आतड्याचा कॅन्सर होता आणि तुम्ही भावांनी शेवटपर्यंत त्यांना अल्सर सांगितला. तुमच्या घराण्याची रीतच ती. तसं मला फसवू नका!"

बोलले आणि तोंडावर हात ठेवला. पण सुटलेला शब्द काय परत येतो? यांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले. काठी घेतली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी खाली जाऊन बसतो जरा." पायऱ्या एकट्याने उतरले, काठीचा आवाज करत. गॅलरीतून बघितलं, तर बागवानभाऊजींबरोबर बाकावर जाऊन बसले होते.

घरात मी आणि प्रिंटर.

खरं सांगते, मला त्याला उचलून खाली टाकावंसं वाटलं. "बोल की मेल्या," म्हटलं. "घर मोडायला आलायस का? काय झालंय माझ्या नवऱ्याला?" निळा दिवा लुकलुकत राहिला. सकाळची गोळी राहिलीच होती, हे वर आल्यावर लागणार होती. म्हणून रागारागाने नळी काढली, पुसली, परत बसवली आणि रोजच्यासारखं तिच्यात एकदा फुंकून बघितलं.

हे मी रोज करते. आंघोळीचं पाणी काढलं की आधी मी हात घालून बघते, चहा केला की आधी घोटभर मी घेते, मग यांच्याकडे. तसंच नळीचं. तुंबलेली असेल तर यांना जोर नको लागायला, म्हणून आधी मी फुंकायचं, पुसायचं, मग यांच्या हातात द्यायची. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

दिवा हिरवा झाला.

"नमस्कार," यंत्र म्हणालं. "आपण खोलीत एकट्या आहात. आपल्यासाठी एक खासगी निरोप आहे. आत्ता ऐकायचा का?"

"माझ्यासाठी नाही रे, यांच्यासाठी. विलास कणसे. माझे मिस्टर."

"विलासरावांसाठी कोणताही निरोप नाही. त्यांची प्रकृती स्थिर आहे, हे आपल्याला सांगायची परवानगी त्यांनी मला आधीच दिलेली आहे. निरोप आपल्यासाठी आहे. रोज सकाळी त्यांच्या आधी माझ्याकडे येणारा श्वास आपला आहे."

मी खाली बसले. ते सावकाश सांगत गेलं. पूर्वी तो पहिला श्वास ते अनोळखी म्हणून टाकून द्यायचं. दिवाळीत त्याला नवीन प्रणाली आली, तेव्हापासून एकाही श्वासाला टाकून द्यायचं नाही असं ठरलं. त्याने माझ्यासाठी बिननावाचं वेगळं खातं उघडलं आणि रोजची नोंद तिथे केली. एका दिवसाच्या नोंदीला काही अर्थ नसतो. कुणी लसूण खाल्लेला असतो, कुणी उदबत्तीपाशी बसलेलं असतं. पण कित्येक आठवडे माझ्या श्वासात तेच काही वायू वाढत गेले होते आणि सोमवारी त्यांनी मर्यादा ओलांडली. आता एका नळीचे दोन मालक झाले होते. आम्ही दोघं समोर असलो की कोणता श्वास कुणाचा याची त्याला खात्री नव्हती, आणि चुकीच्या माणसाला चुकीची गोळी छापणं त्याला मना आहे. का थांबलो हे सांगावं तर माझं गुपित यांना कळणार. म्हणून ते गप्प बसायचं. हे एकटे असले की शंका मिटायची आणि गोळी निघायची. इतकं साधं होतं सगळं. आणि मी एकटी त्याच्यासमोर कधी बसलेच नव्हते.

"काय झालंय मला?" मी विचारलं.

"मी निदान करू शकत नाही. आपण फुप्फुसांची तपासणी लवकरात लवकर करून घ्यावी. असे वायू काही वेळा साध्या कारणानेही वाढतात. काही वेळा गंभीर कारण असतं. लवकर कळलं तर उपचार सोपे होतात."

खोकला होता मला. पण खोकला कुणाला नसतो? फोडणीचा म्हणा, हवेचा म्हणा. आयुष्य त्या फलाटावर धुरात गेलं, आमच्यातला कोण खोकत नव्हता?

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. यांना काही नव्हतं! कालपासून मी मनातल्या मनात ह्या माणसाला कुठवर पोचवून आले होते, आणि तो ठणठणीत खाली बाकावर बसला होता. मी खरंच हात जोडले. आणि ते हात जोडलेले असतानाच भीती आली. मी मरणार का? ऋतुजाचं काय? यांचं पाणी कोण काढणार?

"हा निरोप आणखी कुणाला कळवायचा आहे का?" यंत्राने विचारलं. "आपले पती? मुलगी?"

"नाही," मी म्हणाले. विचारसुद्धा केला नाही. तोंडातून आधी निघून गेलं. "कुणालाही नाही."

"ठीक आहे. यापुढे विलासरावांनी आधी एकट्याने फुंकावं, म्हणजे अडचण येणार नाही."

आणि दिवा निळा झाला. मी तिथेच बसून मनाशी जुळवाजुळव करायला लागले. साताऱ्याच्या मावसबहिणीकडे जाते म्हणून सांगायचं, तिथेच तपासून यायचं. काही निघालं तर बघू, नाही निघालं तर प्रश्नच मिटला. यांच्या हृदयाला असला धक्का सोसायचा नाही. ऋतुजा नोकरी टाकून धावत येईल, कशाला? मी स्वतःला पटवत होते आणि ते इतकं छान पटत होतं! सगळी कारणं तयार होती, एकेक नीट घडी घातलेली. अण्णांच्या वेळी सगळ्यांची अशीच तयार होती. कुणी वाईट नव्हतं त्यात. सगळे एकमेकांच्या काळजीने मरत होते, आणि अण्णा मात्र अल्सरची पुडी खात एकटेच गेले. मी अर्ध्या तासापूर्वी यांना त्यावरूनच फाडून खाल्लं होतं.

काठीचा आवाज आला. हे वर येत होते, सावकाश, पायरीपायरीला थांबत. मी डोळे पुसले, चेहऱ्यावर पाणी मारलं.

ते आत आले, खुर्चीत बसले, दम घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आत्ता खालून दवाखान्यात फोन केला."

हे आणि फोन? यांनी आजवर गॅसचा नंबरसुद्धा कधी लावला नाही.

"उद्या दहाची वेळ दिलीय त्यांनी. छाती, पोट, डोकं, जे काय तपासायचं ते सगळं तपासून घेतो. तुझ्यासमोर घेतो. रिपोर्ट तुझ्या हातात द्यायला सांगितलाय. मग तर विश्वास बसेल ना तुझा?" त्यांनी काठी बाजूला ठेवली. "अण्णांना सांगायला हवं होतं गं. मी तेव्हाही म्हणालो होतो, पण हळू आवाजात म्हणालो, कुणाला ऐकूच गेलं नाही. तुला मी फसवणार नाही, शैला. मला खरंच काही माहीत नाही. पण तुझा जीव टांगणीला लागलेला मला बघवत नाही."

माझ्याच्याने पुढचं ऐकवेना. साताऱ्याची मावसबहीण ओठांवर तयार होती. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी दिवस निभावला असता.

"अहो," मी म्हणाले, "उद्याची वेळ राहू द्या. नाव तेवढं बदला."

"कसलं नाव?"

"पेशंटचं. तुमचं काढा. माझं घाला."

मग मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, मागचं पुढे पुढचं मागे करत सांगितलं असणार. मधे रडले. त्यांनी रेघा मारणाऱ्या त्या हाताने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

मग ते उठले. फोन घेऊन उभे राहिले, बसून नाही. लावला.

"मघाशी उद्याची वेळ घेतली होती, विलास कणसे. हो. पेशंट मी नाही. लिहून घ्या, शैलजा विलास कणसे. फुप्फुसाचं तपासायचंय." एवढं मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पलीकडून काहीतरी विचारणं चाललं होतं, हे वय सांगत होते, पत्ता सांगत होते, खोकला किती दिवस ते मला खुणेने विचारून सांगत होते. मग थांबले. "काय? पेशंटने डॉक्टरांकडे एकट्याने जायचं? असा नियम आहे? बरं. आणि तिने हो म्हटलं तर?"

फोनवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले. आमच्या घरात, सासरी माहेरी, कुणी कुणाला असं विचारल्याचं मला आठवत नाही.

"शैला, उद्या मी तुझ्याबरोबर आत येऊ का?"

"या," मी म्हणाले.